पाखंडमत, ख्रिस्ती

ख्रिस्ती धर्माच्या मूलभूत सिद्धांतांशी विसंगत असलेल्या, परंतु त्याच धर्माच्या नावाने मांडल्या जाणाऱ्या शिकवणीस ख्रिस्ती पाखंडमत असे म्हणतात. परधर्मीयांची किंवा नास्तिकांची मते या संज्ञेत येत नाहीत. पाखंडमत धर्ममंडळीच्या आतूनच उद्‌भवते. त्याचा प्रवर्तक स्वतःला ख्रिस्ती समजतो, बायबलचाच आधार घेतो आणि आपली शिकवण हीच मूळची व शुद्ध आहे, असा पुष्कळदा दावा करतो. त्यामुळे असे मत कसे ओळखावे, ते ओळखण्याचा अधिकार कोणाचा आणि ते मांडणाऱ्याशी कसे वागावे, हे तीन प्रश्न ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात आरंभापासून उपस्थित होत आले आहेत. ख्रिस्ती सिद्धांतांची व संस्थांची जडणघडण बऱ्याच अंशी या प्रश्नांच्या उत्तरांतून झाली असून त्या धर्माच्या इतिहासातील काही अत्यंत क्लेशकारक प्रकरणेही त्यांतूनच निर्माण झाली.

रोमन कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार, श्रद्धेचा अविभाज्य भाग असलेले एखादे सत्य बाप्तिस्मा घेतलेल्या व्यक्तीने हट्टाने नाकारणे किंवा त्याविषयी हट्टाने संशय बाळगणे म्हणजे पाखंड होय. संपूर्ण ख्रिस्ती श्रद्धेचा त्याग केल्यास त्यास धर्मत्याग म्हणतात. पोपचे आधिपत्य किंवा त्याच्याशी एकनिष्ठ असलेल्यांशी ऐक्य नाकारल्यास ती धर्मफूट ठरते. या व्याख्येत ‘हट्टाने’ या शब्दास विशेष महत्त्व आहे. अज्ञानामुळे चुकीचे मत बाळगणारा मनुष्य आणि चूक दाखवून दिल्यावरही तीच शिकवण जाणूनबुजून देत राहणारा मनुष्य यांत धर्मशास्त्रज्ञांनी भेद केला आहे. प्रामाणिक शंका किंवा जिज्ञासा म्हणजे पाखंड नव्हे, हेही त्यातून सूचित होते.

व्युत्पत्ती व अर्थ : पाखंडमत या अर्थी पाश्चात्त्य भाषांत रूढ असलेले शब्द ‘हैरेसिस’ या ग्रीक शब्दावरून आले आहेत. निवड हा त्याचा मूळ अर्थ; त्यावरून ‘निवडलेला विचारपंथ’ असा अर्थ झाला. नव्या करारातील प्रेषितांची कृत्ये या ग्रंथात सदूकी व परूशी या ज्यू पंथांना उद्देशून हा शब्द आला असून तेथे तो निंदाव्यंजक नाही. पुढे मात्र सर्वांनी मिळून स्वीकारलेली श्रद्धा सोडून स्वतःच्या मर्जीने केलेली निवड, असा दूषणार्थ त्यास प्राप्त झाला. भारतीय भाषांतील ‘पाखंड’ शब्दाचा प्रवासही असाच आहे. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात ‘पासंड’ हा शब्द सर्व धर्मपंथांना उद्देशून आदराने वापरलेला आहे. नंतरच्या संस्कृत ग्रंथांत तो वेदबाह्य व ढोंगी या अर्थी रूढ झाला.

नव्या करारातील निकष : पहिल्या शतकातील ख्रिस्ती मंडळ्यांना फिरत्या उपदेशकांवर बरेच अवलंबून राहावे लागे. त्यांतील खरा कोण व खोटा कोण हे ठरविण्याचे काही निकष नव्या करारात आढळतात. पहिला निकष आशयाचा. येशू ख्रिस्त खरोखर मानवी देहात आला हे जो मान्य करीत नाही, त्याची प्रेरणा ईश्वरी नव्हे, असे योहानाच्या पहिल्या पत्रात म्हटले आहे. दुसरा निकष मूळ संदेशाशी असलेल्या सुसंगतीचा. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने, आधी दिलेल्या शुभवर्तमानाहून निराळे शुभवर्तमान कोणी सांगितले, मग सांगणारा स्वतः पौल असो की स्वर्गातील दूत असो, तर ते नाकारावे असे बजाविले आहे. तिसरा निकष आचरणाचा. मत्तयकृत शुभवर्तमानात मेंढराच्या वेषातील लांडग्यांचा दृष्टांत असून झाड जसे फळांवरून तसे खोटे संदेष्टे त्यांच्या कृतींवरून ओळखावेत, असे सांगितले आहे. पौलाचे म्हणणेही धर्मग्रंथाशी ताडून पाहणाऱ्या बिरुया येथील श्रोत्यांची प्रेषितांच्या कृत्यांत प्रशंसा केली आहे. परीक्षा घेण्याचा अधिकार सामान्य श्रोत्यांसही असल्याचे त्यावरून दिसते.

प्रतिकाराची रीतही नव्या करारात सांगितली आहे. अपराध्यास प्रथम एकांतात समजवावे, न ऐकल्यास दोघा-तिघा साक्षीदारांसमक्ष आणि त्यानंतर मंडळीपुढे विषय न्यावा. तरीही न ऐकल्यास त्याच्याशी संबंध ठेवू नये, असा क्रम मत्तयकृत शुभवर्तमानात आहे. फूट पाडणाऱ्यास एकदा व दोनदा समज देऊन मग त्याच्यापासून दूर व्हावे, असे तीताला लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे. संबंधविच्छेद हीच येथे अंतिम शिक्षा होय. गव्हाच्या शेतात वैऱ्याने पेरलेले निदण कापणीपर्यंत उपटू नये, नाहीतर त्याबरोबर गहूही उपटला जाईल, हा दृष्टांतही पुढील सर्व वादांत वारंवार उद्‌धृत केला गेला.

पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या आरंभी रचलेल्या दिदाखे या लहानशा ग्रंथात अधिक व्यावहारिक कसोट्या आहेत. फिरत्या प्रेषिताचे एक दिवस, गरज पडल्यास दोन दिवस, आतिथ्य करावे. तो तीन दिवस राहिला किंवा त्याने पैसे मागितले तर तो खोटा समजावा. जो शिकवितो त्याप्रमाणे वागत नाही तोही खोटाच, असे या ग्रंथात सांगितले आहे.

दुसरे शतक : या शतकात तीन मोठी आव्हाने उभी राहिली. ज्ञेयवादी पंथांनी जडसृष्टी ही परमेश्वराने नव्हे, तर एका हीन शक्तीने निर्माण केली असून मुक्ती गूढ ज्ञानाने मिळते, असे प्रतिपादन केले. मार्सियन (सु. ८५–सु. १६०) याने जुन्या करारातील कठोर न्यायी ईश्वर आणि येशूने प्रकट केलेला प्रेमळ पिता हे दोन भिन्न ईश्वर मानले, जुना करार पूर्णतः त्याज्य ठरवून लूककृत शुभवर्तमानाची संक्षिप्त प्रत आणि पौलाची दहा पत्रे एवढेच धर्मग्रंथ म्हणून स्वीकारले. १४४ मध्ये रोमच्या मंडळीने त्यास बहिष्कृत केले. त्याने पूर्वी दिलेली दोन लाख सेस्टर्सची देणगीही मंडळीने परत केली, असे टर्टलियनने लिहून ठेवले आहे. आशिया मायनरमधील फ्रिजिया येथे माँटेनस व त्याच्या दोन सहकारी स्त्रिया, प्रिस्किला व मॅक्सिमिला, यांनी पवित्र आत्मा आपल्या मुखाने नवे संदेश देतो, असा दावा केला.

या आव्हानांना उत्तर देताना चर्चने तीन साधने विकसित केली. मार्सियनच्या संक्षिप्त ग्रंथसूचीमुळे प्रमाण ग्रंथ कोणते हे ठरविण्याची निकड निर्माण झाली. ही प्रक्रिया दीर्घकाळ चालली. नव्या करारातील आजचे २७ ग्रंथ नेमके सांगणारी पहिली ज्ञात यादी अथेनेशिअसच्या ३६७ मधील पत्रात मिळते. दुसरे साधन म्हणजे श्रद्धेचा संक्षिप्त नियम. बाप्तिस्म्याच्या वेळी म्हणावयाच्या विश्वासांगीकाराचे स्वरूप त्यातूनच स्थिर झाले. तिसरे साधन म्हणजे प्रेषितांपासून अखंड चालत आलेली बिशपांची परंपरा.

लीआँचा बिशप आयरीनिअस याने सु. १८० मध्ये लिहिलेल्या पाखंडमतखंडनपर ग्रंथात या साधनांची पद्धतशीर मांडणी केली. एखाद्या कलावंताने रत्ने जडवून राजाची प्रतिमा करावी आणि दुसऱ्याने तीच रत्ने उचकटून त्यांचा कोल्हा करावा व हीच राजाची प्रतिमा म्हणून दाखवावी, तसे पाखंडी लोक बायबलमधील वचनांचे करतात, असे तो म्हणतो. वचने खरी असली तरी त्यांची जुळणी खोटी असू शकते, हे त्याचे मर्म होय. प्रतिपक्षाचे ग्रंथ वाचून व त्यांच्या अनुयायांशी बोलून आपण लिहीत आहोत, असेही त्याने नमूद केले आहे. १९४५ मध्ये ईजिप्तमधील नाग हम्मादी येथे कॉप्टिक भाषेतील तेरा हस्तलिखित ग्रंथ सापडले. त्यांमुळे ज्ञेयवाद्यांची मते त्यांच्याच शब्दांत वाचता येऊ लागली आणि प्राचीन खंडनकारांची साक्ष पडताळून पाहणे शक्य झाले. टर्टलियनसारखा पाखंडमतांचा कट्टर टीकाकार उत्तरायुष्यात स्वतःच माँटेनसच्या पंथाकडे वळला. पाखंडाची सीमारेषा समकालीनांना नेहमीच स्पष्ट दिसत नसे, याचे हे बोलके उदाहरण होय.

धर्मपरिषदा व राजसत्ता : चौथ्या शतकात ॲलेक्झांड्रियाचा धर्मोपदेशक ॲरिअस (सु. २५६–३३६) याने पुत्र हा पित्याने निर्माण केलेला असून तो नव्हता असा काळ होता, असे मत मांडले. ईश्वराचे एकत्व राखणे हा त्याचा हेतू होता. परंतु त्यामुळे ख्रिस्ताचे ईश्वरत्व गौण ठरत होते. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ मध्ये नायसीया येथे धर्मपरिषद बोलाविली. पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे, हा शब्दप्रयोग परिषदेने विश्वासांगीकारात घातला. तो बायबलमध्ये आढळत नाही. तथापि ॲरिअसपंथीय बायबलमधील प्रत्येक शब्द मान्य करून त्यास स्वतःचा अर्थ देत असल्याने बायबलबाहेरचा शब्द घेणे भाग पडले.

परिषदेच्या निर्णयाने वाद मिटला नाही. पुढील सम्राटांपैकी कॉन्स्टँशिअसने विरोधी पक्षाची बाजू घेतली आणि नायसीयाच्या निर्णयाचा मुख्य पुरस्कर्ता अथेनेशिअस यास पाच वेळा हद्दपार व्हावे लागले. ३५९ मध्ये रिमिनी येथे जमलेल्या बिशपांनी दडपणाखाली नायसीयाचा शब्द वगळलेले सूत्र मान्य केले. अखेर ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत नायसीयाचा निर्णय कायम झाला. बहुमत वा राजाज्ञा हा सत्याचा पुरेसा निकष नाही, हे या अर्धशतकाने दाखवून दिले. कोणत्या मतावर भरवसा ठेवावा याचे उत्तर लेरँसच्या व्हिन्सेंटने ४३४ मध्ये दिले : जे सर्वत्र, सर्वकाळ व सर्वांनी मानले आहे ते. हा निकष पुढे फार प्रसिद्ध झाला. परंतु ज्या प्रश्नावर मुळातच एकमत नसते तेथे तो लागू करणे कठीण जाते.

४३१ ची एफिससची परिषद या बाबतीत उद्‌बोधक आहे. कॉन्स्टँटिनोपलचा प्रमुख धर्माध्यक्ष नेस्टोरिअस याने मरियेस ‘ईश्वरमाता’ म्हणण्यास हरकत घेतली. ॲलेक्झांड्रियाच्या सिरिलने सिरियाकडील बिशप येऊन पोहोचण्यापूर्वीच परिषदेचे काम सुरू केले व नेस्टोरिअसला पदच्युत केले. नेस्टोरिअस ख्रिस्ताच्या दोन स्वतंत्र व्यक्ती मानतो, हा त्याच्यावरील आरोप होता. त्याचा स्वसमर्थनपर ग्रंथ सिरियाक भाषांतरात १८९५ मध्ये सापडला व १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर, ज्या मताबद्दल त्यास दोषी ठरविले ते त्याचे होते की काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद निर्माण झाले.

दंडसत्तेचा अवलंब : सम्राट थिओडोशिअसने ३८० मध्ये नायसीयाची श्रद्धा सर्व प्रजाजनांसाठी अधिकृत केली आणि पाखंड हा राज्याविरुद्धचा अपराध होण्याचा मार्ग खुला झाला. ३८५ च्या सुमारास स्पेनमधील बिशप प्रिसिलियन यास जादूटोण्याच्या आरोपावरून ट्रीर येथे देहदंड देण्यात आला. काही बिशपांनीच त्याच्याविरुद्ध सम्राटाकडे पाठपुरावा केला होता. तूरचा मार्टिन व मिलानचा अँब्रोझ यांनी या कृत्यास तीव्र विरोध केला. निदणाच्या दृष्टांतावरून पाखंड्यांचा वध निषिद्ध ठरतो, त्यांच्या प्रचारास आळा घालणे मात्र निषिद्ध नाही, असे जॉन क्रिसोस्टमने प्रतिपादन केले. सेंट ऑगस्टीनही (३५४–४३०) आरंभी सक्तीच्या विरुद्ध होता. उत्तर आफ्रिकेतील डोनेटसपंथीयांशी झालेल्या संघर्षात मात्र त्याने आपले मत बदलले आणि राजदंडाच्या भीतीने लोक सत्याकडे वळू शकतात, असे तो मानू लागला. देहदंड त्यास मान्य नव्हता. तरीही मध्ययुगातील सक्तीच्या समर्थकांनी त्याचाच आधार घेतला.

दक्षिण फ्रान्समधील कॅथार पंथाविरुद्ध १२०९ ते १२२९ या काळात धर्मयुद्ध पुकारण्यात आले. १२३१ मध्ये पोप नववा ग्रेगरी याने पाखंडाच्या चौकशीसाठी खास धर्मन्यायाधीश नेमण्यास प्रारंभ केला आणि १२५२ मध्ये चौथ्या इनोसंटने यातनांचा वापर संमत केला. खोटी नाणी पाडणाऱ्यास राजे देहदंड देतात, मग आत्म्याचे जीवन असलेली श्रद्धा भ्रष्ट करणाऱ्यास तो का देऊ नये, असा युक्तिवाद टॉमस अक्वाय्‌नसने केला. त्यानेही आधी समज देण्याची अट घातली होती. १४१५ मध्ये यान हुस यास सम्राटाने अभय दिलेले असूनही कॉन्स्टन्स येथे जाळण्यात आले. १४३१ मध्ये पाखंडी म्हणून जाळलेल्या जोन ऑफ आर्कवरील निवाडा १४५६ मध्ये रद्द झाला आणि १९२० मध्ये तिला संतपद देण्यात आले.

मार्टिन ल्यूथरची ४१ विधाने १५२० मध्ये पोपने निषिद्ध ठरविली, त्यांत पाखंड्यांना जाळणे हे पवित्र आत्म्याच्या इच्छेविरुद्ध आहे, हेही एक विधान होते. तथापि धर्मसुधारणेनंतर प्रॉटेस्टंटांनीही तोच मार्ग काही ठिकाणी अवलंबिला. त्रैक्याचा सिद्धांत नाकारणारा मिगेल सर्व्हेटस कॅथलिक न्यायालयाच्या तावडीतून निसटला. परंतु १५५३ मध्ये कॅल्व्हिनच्या जिनीव्हात जाळला गेला. पुढील वर्षीच सेबॅस्टियन कास्टेल्यो याने टोपणनावाने ग्रंथ लिहून पाखंड्यांच्या छळाविरुद्ध अनेक धर्मपंडितांची मते एकत्र केली.

भारतातील प्रकरणे : गोव्यात १५६० मध्ये पोर्तुगीजांनी धर्मन्यायपीठ स्थापन केले. मध्यंतरीची काही वर्षे वगळता ते १८१२ पर्यंत चालू होते. बाप्तिस्मा घेतल्यावर ज्यू धर्माचे आचार गुप्तपणे पाळणारे आणि जुन्या चालीरीती न सोडणारे धर्मांतरित हिंदू हे त्याचे मुख्य लक्ष्य होते. १७३६ च्या आदेशाने विवाहादी प्रसंगीच्या अनेक स्थानिक चालींवर बंदी घालण्यात आली. येथे पाखंडाची कल्पना सिद्धांताकडून वेष, आहार व कौटुंबिक रूढी यांपर्यंत ताणली गेली. १५९९ मध्ये गोव्याचा आर्चबिशप आलेशो द मेनेझिस याने केरळमधील उदयंपेरूर येथे धर्मसभा भरवून तेथील प्राचीन सेंट टॉमस ख्रिस्ती समाजाच्या सिरियाक ग्रंथांतील नेस्टोरिअसपंथीय दोष काढण्याचा ठराव केला. त्यानुसार अनेक ग्रंथ सुधारण्यात आले, काही जाळण्यात आले. या धोरणाबद्दलचा असंतोष साचत जाऊन १६५३ मध्ये या समाजातील फार मोठ्या गटाने मट्टनचेरी येथे शपथ घेऊन जेझुइटांचे वर्चस्व झुगारले.

शंका आणि पाखंड यांतील भेद पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या चरित्रात स्पष्ट दिसतो. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्रैक्यादी सिद्धांतांविषयी त्यांनी अनेक प्रश्न उपस्थित केले आणि धर्माधिकाऱ्यांच्या शब्दापेक्षा बायबल व स्वतःची सदसद्विवेकबुद्धी यांना प्रमाण मानले. त्यांच्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांना ही वृत्ती अहंकाराची वाटली. दोघींमधील दीर्घ पत्रव्यवहारात तीव्र मतभेद आहेत, तसाच परस्परांविषयीचा जिव्हाळाही आहे. रमाबाई ख्रिस्ती धर्मातच राहिल्या व त्यांनी संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले.

आधुनिक काळ : विसाव्या शतकात राजदंडाचा आधार सुटल्यावर खोट्या शिकवणीस उत्तर देण्याची जुनी साधने, म्हणजे जाहीर प्रतिपादन, विश्वासांगीकार व संबंधविच्छेद, पुन्हा पुढे आली. जर्मनीत ‘जर्मन ख्रिस्ती’ गटाने नाझी वंशवाद चर्चमध्ये आणण्याचा प्रयत्न केला. त्याविरुद्ध मे १९३४ मध्ये बार्मेन येथे जमलेल्या प्रॉटेस्टंट प्रतिनिधींनी कार्ल बार्ट याच्या मसुद्यावर आधारलेले सहा कलमांचे निवेदन स्वीकारले. प्रत्येक कलमात आधी बायबलचा आधार व श्रद्धेचे विधान आणि शेवटी नाकारलेली खोटी शिकवण, अशी त्याची रचना आहे. येथे राजसत्ता दुसऱ्या बाजूस होती, हा चौथ्या शतकानंतरच्या परिस्थितीहून मोठा फरक होय. १९८२ मध्ये जागतिक रिफॉर्म्ड चर्च संघाने ओटावा येथे वर्णविद्वेषाचे धर्मशास्त्रीय समर्थन हे पाखंड असल्याचे घोषित करून दक्षिण आफ्रिकेतील दोन गोऱ्या चर्चचे सदस्यत्व स्थगित केले. सिद्धांत शब्दशः मान्य करूनही आचारातून तो नाकारता येतो, ही नव्या करारातील कसोटी त्यामुळे पुन्हा पुढे आली.

धर्मगुरूस कोणीही प्रश्न विचारू शकत नसेल तर काय घडते, हे १८ नोव्हेंबर १९७८ रोजी गुयानातील जोन्सटाउन येथे दिसून आले. जिम जोन्स हा अमेरिकेतील एका प्रतिष्ठित प्रॉटेस्टंट संप्रदायाचा दीक्षित धर्मोपदेशक होता. त्याच्या नऊशेहून अधिक अनुयायांचा विषप्राशनाने व अन्य प्रकारे अंत झाला. त्यांत मुलांची संख्या मोठी होती. अनुयायांना कुटुंबापासून तोडणे, त्यांची मालमत्ता ताब्यात घेणे व बाहेर पडण्याची वाट बंद करणे ही लक्षणे त्या समूहात बरीच आधी दिसत होती. पैसे मागणाऱ्या उपदेशकाविषयी सावध करणारी दिदाखेमधील कसोटी अशा प्रसंगी किती उपयुक्त आहे, ते यावरून ध्यानात येते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्यविषयक जाहीरनामा स्वीकारून श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सक्ती करता येणार नाही, असे घोषित केले. चूक नाकारणे आणि चुकणाऱ्या व्यक्तीचे मानवी हक्क अबाधित राखणे या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, ही भूमिका त्यामुळे कॅथलिक चर्चमध्ये अधिकृत झाली. बहुतेक प्रमुख प्रॉटेस्टंट चर्चनाही आज ती मान्य आहे. जुन्या निवाड्यांचा फेरविचारही होऊ लागला. ११ नोव्हेंबर १९९४ रोजी पोप दुसरा जॉन पॉल आणि नेस्टोरिअसपंथीय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या असिरियन चर्चचा प्रमुख चौथा दिंखा यांनी ख्रिस्तस्वरूपाविषयीच्या समान श्रद्धेच्या निवेदनावर स्वाक्षऱ्या केल्या. पूर्वीचे परस्परविरोध बऱ्याच अंशी गैरसमजातून निर्माण झाले होते, हे त्यात मान्य करण्यात आले. एफिससच्या परिषदेनंतर सु. १,५६० वर्षांनी आणि उदयंपेरूर येथे ग्रंथ जाळले गेल्यानंतर सु. ४०० वर्षांनी हे घडले.